तोफगोळ्याची फुलदाणी आणि ओकच्या पानावरचे नाव

१/
पहिल्या महायुद्धाचा इतिहास आपण बहुधा तह, आघाड्या आणि सेनापतींच्या नावांतून वाचतो. आजचा धागा त्या युद्धातील एका लहानशा, काहीशा विचित्र गोष्टीबद्दल आहे: रणांगणावर सापडलेल्या भंगारातून सैनिकांनी आई, पत्नी, बहीण आणि लेकरांसाठी स्वतःच्या हातांनी घडवलेल्या भेटवस्तू. इंग्रजीत यांना ‘ट्रेंच आर्ट’ म्हणतात. आपण ‘खंदककला’ म्हणू. हे नाव अर्धेच खरे का, ते पुढे येईलच.

२/
आधी त्या भंगाराचे प्रमाण समजून घेऊ. १९१४ च्या अखेरीस पश्चिम आघाडी बेल्जियमच्या समुद्रकिनाऱ्यापासून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत, सुमारे ७०० किलोमीटर, खंदकांत रुतून बसली. पुढची चार वर्षे हे युद्ध प्रामुख्याने तोफखान्याचे होते. १९१६ मध्ये सोमच्या लढाईपूर्वी सात दिवस जो भडिमार झाला, त्यात एकट्या ब्रिटिशांनी १५ लाखांहून अधिक गोळे डागले. प्रत्येक गोळ्यामागे पितळ, तांबे, ॲल्युमिनियम आणि पोलाद मागे उरत होते. जगाच्या इतिहासात एवढा धातू एवढ्या थोड्या जागेत कोणी फेकून दिल्याचे उदाहरण त्यापूर्वी नव्हते.

३/
दुसरी बाजू वेळेची. सैनिक चोवीस तास लढत नसे. तुकड्या पाळीपाळीने पुढच्या खंदकात, मग मागच्या रांगेत, मग विश्रांतीच्या गावात फिरत असत. लढाईचे तास मोजके आणि वाट पाहण्याचे महिने असंख्य, अशी ती दिनचर्या होती. हाताखाली धातू, हाताशी वेळ आणि घरून आलेले पत्र खिशात. शिवाय ही फौज व्यावसायिक शिपायांपुरती उरलेली नव्हती. तिच्यात सुतार, लोहार, घड्याळजी, सोनार, खाणकामगार असे सगळेच भरती झाले होते. त्यांच्या हातांना काम हवेच होते.

४/
सर्वांत आधी आली ती अंगठी.

जर्मन तोफगोळ्याच्या टोकावर, गोळा नेमका कधी फुटावा हे ठरवणारा फ्यूज बसवलेला असे. युद्धाच्या आरंभीच्या काळात त्याचे भाग पुष्कळदा ॲल्युमिनियमचे असत. गोळा फुटला की हे तुकडे खंदकाच्या आसपास विखरून पडत. सैनिक ते गोळा करीत, लोखंडी पळीत ठेवून शेगडीवर वितळवीत आणि साध्या साच्यात ओतीत. ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सियसला वितळते. कोळशाच्या शेगडीला नीट वारा घातला तर एवढी उष्णता मिळते. लोखंड किंवा तांबे खंदकात वितळवणे केवळ अशक्य होते. अंगठ्या ॲल्युमिनियमच्याच का, याचे उत्तर असे रसायनशास्त्रात आहे.

५/
मग काम सुरू होई कानशीचे आणि चाकूचे. आतला घेर बोटाच्या मापाचा करायचा, बाहेरून घासायचा, वर एखादे हृदय किंवा आद्याक्षरे कोरायची. हौशी कारागीर त्यात तांब्याचा बारीक तुकडा जडवीत, कारण पांढऱ्या धातूवर तांबडा ठिपका शोभून दिसे. १९१५ मध्ये फ्रान्समध्ये या अंगठ्यांचे अक्षरशः वेड पसरले.

६/
येथे क्षणभर थांबून ॲल्युमिनियमचा भूतकाळ आठवण्यासारखा आहे. १८५० च्या दशकात, तिसऱ्या नेपोलियनच्या फ्रान्समध्ये, हा धातू शुद्ध स्वरूपात मिळवणे इतके कठीण होते की त्याची गणना मौल्यवान धातूंत होई. १८८४ मध्ये वॉशिंग्टन येथील स्मारकाच्या शिखरावर मुद्दाम ॲल्युमिनियमचे टोक बसवण्यात आले. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी, एकमेकांना न कळत, विजेच्या साहाय्याने तो स्वस्तात मिळवण्याची रीत शोधली. त्यानंतर तीसही वर्षे झाली नव्हती, तोच हा धातू शत्रूकडून आकाशातून फुकट येऊ लागला. फ्रेंच शेतकऱ्याच्या बायकोच्या बोटात जी अंगठी गेली, तशा धातूचे तिच्या आजीच्या काळात राजघराण्यालाच अप्रूप होते.

७/
दुसरी लोकप्रिय वस्तू म्हणजे पत्र फोडण्याची सुरी. हिचे पाते बहुधा तांब्याचे असते, आणि त्यावर समांतर तिरक्या रेघा दिसतात. पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते, पण ती नक्षी नव्हे.

तोफेच्या नळीच्या आत सर्पिल खाचा असतात. गोळ्याच्या बुडाजवळ मऊ तांब्याचा एक पट्टा असतो. तोफ उडाली की तो पट्टा त्या खाचांत घट्ट रुततो आणि गोळ्याला स्वतःभोवती फिरवतो, त्यामुळे गोळा सरळ जातो. तेव्हा सुरीवरच्या तिरक्या रेघा म्हणजे तोफेच्या दातांचे ठसे. म्हणजे हे तांबे एकदा डागले गेलेले आहे. कोणाच्या तरी दिशेने गेलेले आहे. सैनिकाने ते मातीतून उकरले, ठोकून सपाट केले, एका बाजूला बंदुकीच्या काडतुसाची मूठ बसवली आणि घरी धाडले, ते कशासाठी, तर आपलीच पत्रे फोडण्यासाठी.

८/
आता फुलदाणीकडे वळू. खंदककलेचे नाव घेतले की डोळ्यांपुढे हीच येते.

तोफगोळ्याचे दोन भाग असतात: पुढे जाऊन फुटणारा गोळा, आणि मागे तोफेतच उरणारे पितळी नळकांडे, ज्यात त्याला ढकलणारी दारू भरलेली असते. ब्रिटिशांच्या १८ पौंडी तोफेचे नळकांडे सुमारे एक फूट उंच असे, फ्रेंचांच्या प्रसिद्ध ७५ मिलिमीटर तोफेचे त्याहून थोडे अधिक. आकार आयताच फुलदाणीचा. काम होते ते त्याला रूप देण्याचे.

९/
पितळ ठोकले की ते कडक होत जाते, आणि तसेच ठोकत राहिले तर तडकते. म्हणून मधून मधून ते लाल होईपर्यंत तापवून पुन्हा नरम करावे लागते. आतून पोकळ नळकांडे ठोक्याने चेपू नये म्हणून त्यात राळ किंवा शिसे भरायचे, वर नक्षीचा आराखडा काढायचा, मग बोथट छिन्नीने पार्श्वभूमी ठोकून दाबायची, म्हणजे फुले आणि पाने उठून दिसतात. शेवटी तापवून आतला भराव काढून टाकायचा. काही कारागीर खालच्या भागाला उभ्या चुण्या पाडून कंबर घालीत, जणू एखाद्या स्त्रीच्या झग्याचा घेर.

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत ज्यांनी मठारकाम पाहिले असेल त्यांना यातले अर्धे ज्ञान आधीच ठाऊक आहे. तापवणे, ठोकणे, पुन्हा तापवणे, आणि प्रत्येक ठोक्याचा हिशेब ठेवणे. कसबी तांबट आणि फ्लँडर्समधला लोहार एकमेकांच्या शेजारी बसले असते, तर त्यांना दुभाष्याची गरज लागली नसती.

१०/
आता त्या नावाची अडचण. पुढच्या खंदकात बसून कोणी ऐरणीवर ठोकाठोक करू लागला असता तर पलीकडून लगेच गोळीबार झाला असता. अंगठी घासणे, काठी कोरणे, चिंधीवर भरतकाम, एवढेच तेथे शक्य होते. फुलदाण्या घडल्या त्या आघाडीच्या मागे, अभियांत्रिकी दलाच्या कार्यशाळांत, घोड्यांना नाल मारणाऱ्या लोहारांच्या भट्ट्यांवर, दुरुस्ती पथकांत आणि इस्पितळांत. ‘खंदककला’ हे नाव त्यामुळे फसवे आहे. खंदकातल्या पायदळ शिपायाने अनेकदा ती मागच्या भागातल्या कारागिराकडून सिगारेटच्या किंवा थोड्या पैशांच्या मोबदल्यात करवून घेतली आणि तिच्यावर घरच्या माणसाचे नाव कोरून घेतले.

११/
आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. रिकामी नळकांडी ही बेवारस नव्हती. ती सरकारी मालमत्ता होती. पितळ महाग होते, टंचाई होती, आणि एकच नळकांडे दुरुस्त करून पुन्हा भरता येत असे. वापरलेली नळकांडी गोळा करून परत पाठवण्याचे रीतसर आदेश होते. याचा अर्थ घरी गेलेली प्रत्येक फुलदाणी कायद्याने पाहता चोरीचा माल होती. अधिकारी मात्र बहुधा काणाडोळा करीत, कारण त्यांनाही एखादी हवी असे.

मला स्वतःला ही चोरी मोलाची वाटते. ते पितळ परत गेले असते तर पुन्हा दारूने भरून पुन्हा तोफेत आले असते. कोणाच्या तरी आईच्या शेकोटीवरच्या फळीवर गेलेले नळकांडे त्या फेऱ्यातून कायमचे सुटले.

१२/
पितळेच्या टंचाईवरून दुसऱ्या एका भेटीची आठवण होते. ऑक्टोबर १९१४ मध्ये ब्रिटनची राजकन्या मेरी, वय १७, हिच्या नावाने निधी उभारण्यात आला: नाताळला प्रत्येक सैनिकाला एक पितळी डबी द्यायची. आत तंबाखू, सिगारेट, राजकन्येचे चित्र. भारतीय सैनिकांच्या डबीत काय घालावे याचा वेगळा विचार झाला. गुरख्यांना ब्रिटिश सैनिकांसारखीच भेट. शिखांना तंबाखू वर्ज्य, म्हणून खडीसाखर आणि मसाल्याची डबी. इतर भारतीय शिपायांना सिगारेट, खडीसाखर आणि मसाले. पाणी वाहणाऱ्या भिश्त्यांना केवळ मसाले आणि शुभेच्छापत्र.

फौजेतला दर्जा डबीच्या आतल्या वस्तूंतही असा काटेकोर पाळला गेला.

१३/
त्या पहिल्या नाताळला साडेतीन लाखांहून अधिक डब्या वाटल्या गेल्या आणि पुढे एकूण संख्या २६ लाखांच्या आसपास पोहोचली. पण डब्यांसाठी लागणारे पितळ तोफगोळ्यांच्या कारखान्यांनाही हवे होते. अमेरिकेतून मागवलेल्या पितळेचा एक मोठा साठा मे १९१५ मध्ये ‘लुसिटानिया’ जहाजाबरोबर समुद्रतळाशी गेला. राज्यसंस्था डब्यांसाठी पितळ शोधत असताना सैनिक तेच पितळ फुलदाण्यांच्या रूपाने चोरून घरी पाठवीत होते, हा विरोधाभास लक्षात घेण्यासारखा आहे.

१४/
फ्रान्समध्ये उतरलेल्या भारतीय फौजेत आपल्या खडकीचे लोक होते. तिसरी सॅपर्स अँड मायनर्स, म्हणजे जुने बॉम्बे सॅपर्स. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी नव्ह शापेल गावावरील हल्ल्यात त्यांच्या २० व्या आणि २१ व्या कंपन्यांची जबर हानी झाली. त्या हिवाळ्यात हातबॉम्ब अपुरे होते, तेव्हा ब्रिटिश आणि भारतीय फौजांनी जॅमच्या रिकाम्या डब्यांत दारू आणि लोखंडाचे तुकडे भरून बॉम्ब बनवले.

म्हणजे खंदकात टाकाऊतून टिकाऊ करण्याची पहिली गरज मारण्यासाठी होती. घरच्यांसाठी अंगठ्या घासणारे हात आणि जॅमच्या डब्यात खिळे भरणारे हात वेगळे नव्हते. या वस्तूंकडे पाहताना केवळ गहिवरून जाऊ नये, ते यासाठी.

१५/
मूर्तिकार आंरी गोदिए-ब्झेस्का हा फ्रेंच सैन्यात लढत होता. त्याला एका जर्मन सैनिकाची माउझर बंदूक मिळाली. तिचे वजनदार रूप त्याला निव्वळ पाशवी वाटले. त्याने तिचा अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता तोडला आणि चाकूने त्यातून एक सौम्य आकृती कोरली. खंदकातून त्याने हे लिहून पाठवले आणि तो मजकूर लंडनच्या ‘ब्लास्ट’ या नियतकालिकात १९१५ च्या जुलैमध्ये छापून आला. त्याच अंकात त्याच्या मृत्यूची वार्ताही होती. ५ जून रोजी, वयाच्या २३ व्या वर्षी, तो मारला गेला होता.

१६/
आता माझ्या सर्वांत आवडत्या भेटीकडे. हिला धातू लागत नाही, शेगडी लागत नाही, चोरी करावी लागत नाही. हिला लागते झाडाचे एक पान.

लहानपणी वहीत पिंपळाचे पान ठेवून ते जाळीदार होण्याची वाट आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. पानाचा हिरवा गर जातो आणि शिरांची जाळी उरते. फ्रेंच सैनिकांनी नेमके हेच केले, पण वाट न पाहता. ओकचे किंवा चेस्टनटचे ताजे पान घ्यायचे. त्यावर अक्षरांच्या आकाराचा कागद घट्ट बसवायचा. मग ताठ केसांच्या ब्रशने, जसा बुटांना लागतो तशा, पानावर हलके हलके टोचे मारत राहायचे. तासन्‌तास. उघडा गर झडून जातो, शिरा शाबूत राहतात, आणि कागदाखाली झाकलेला भाग हिरवा उरतो. कागद काढला की जाळीवर अधांतरी एक नाव उभे असते.

१७/
हात जरासा जड पडला की शीर तुटते आणि सगळे काम वाया. म्हणजे ज्याची बोटे काल थरथरत होती त्याला हे जमणार नव्हते. मला वाटते, बोटे थरथरू नयेत म्हणूनच कित्येकांनी हे केले असावे. पान सुकवून पत्रात घालायचे. वजन शून्य, टपालखर्च शून्य. प्रेयसीचे नाव, बाळाचे नाव, कधी नुसते ‘आठवण’ एवढाच शब्द. ही पाने आजही फ्रान्समधील काही संग्रहांत आहेत, शंभर वर्षांपूर्वीची, आणि काचेखाली ठेवलेली असल्यामुळे पितळेच्या फुलदाण्यांपेक्षा काही वेळा अधिक स्पष्ट वाचता येतात.

१८/
मुलांसाठीच्या वस्तू वेगळ्याच. काडतुसांची विमाने, पत्र्याचे रणगाडे, आणि तोफगोळ्याच्या नळकांड्याच्या बुडाचा काप घेऊन त्याला तांब्याची चोच लावून केलेली छोटीशी सैनिकी टोपी. फ्यूजच्या दौती, काड्यापेटीची पितळी आवरणे, बंदुकीच्या गोळ्यांचे क्रूस. यांतल्या पुष्कळशा वस्तू धड उपयोगी नाहीत आणि धड सुंदरही नाहीत. टोपीत फक्त राख झाडता येते. पण घरातल्या चार वर्षांच्या मुलाला बापाचा चेहरा आठवत नसताना, ‘ही टोपी बाबांनी पाठवली’ असे सांगायला आईपाशी काहीतरी असे.

१९/
तारेच्या कुंपणाआडही हा उद्योग चालू होता. मेसोपोटेमियातील कूत येथे १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजी सहाव्या पूना डिव्हिजनने शरणागती पत्करली. त्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. हे आपले लोक ऑटोमन कैदेत गेले, आणि त्यांच्यापैकी अनेक जण परतलेच नाहीत. उलट बाजूने, युद्ध संपेपर्यंत लाखाहून अधिक ऑटोमन सैनिक ब्रिटिशांच्या कैदेत आले. त्यांच्या छावण्या इजिप्तमध्ये होत्या, ब्रह्मदेशात थायेटम्यो येथे होत्या, आणि भारतात बेळ्ळारी येथेही होती.

२०/
या तुर्की कैद्यांनी रंगीत मण्यांचे साप विणले. चांगले हातभर, काही त्याहून लांब, पाठीवर नक्षी, तोंडात कधी कधी एक पाल धरलेली, आणि पोटावर मण्यांनीच विणलेली इंग्रजी अक्षरे: ‘टर्किश प्रिझनर्स’ आणि साल. मणी आणि दोरा एवढेच भांडवल. अनातोलिया आणि बाल्कनमध्ये मण्यांचे विणकाम जुने आहे, त्यामुळे हात बसलेला होता. पहाऱ्यावरचे ब्रिटिश शिपाई हे साप विकत घेत आणि घरी बहिणीला किंवा मुलाला पाठवीत. बदल्यात कैद्याला तंबाखू किंवा पावाचे पैसे मिळत.

नागपंचमीला पाटावर नाग काढणाऱ्या आपल्या घरांत असा साप आला असता तर त्याला हळदकुंकू लागले असते. इंग्लंडमध्ये तो दिवाणखान्यातली गंमत म्हणून टांगला गेला.

२१/
येथे कोणी विचारील की विकत घेतलेली वस्तू ‘हाताने घडवलेली भेट’ कशी? जुन्या संग्राहकांनी असा भेद काटेकोरपणे केला: सैनिकाने स्वतः केलेली ती अस्सल, विकण्यासाठी केलेली ती नकली. मला तो पटत नाही. फ्रान्समध्ये काम करणाऱ्या चिनी मजुरांच्या दलाचे उदाहरण घ्या. ब्रिटिश आणि फ्रेंच मिळून सुमारे १ लाख ४० हजार चिनी मजूर तेथे होते. त्यांतल्या कारागिरांनी नळकांड्यांवर ड्रॅगन आणि फुले कोरली आणि ती सैनिकांना विकली. ते मजूर पैसे साठवीत होते तेही आपल्या घरी पाठवण्यासाठीच. एका फुलदाणीतून दोन घरांना भेट पोहोचली, एक पितळेची आणि एक रोख रकमेची.

२२/
१९१८ नंतर गोष्ट संपली नाही. फ्लँडर्समधले विस्थापित शेतकरी परतले तेव्हा शेताच्या जागी चिखल आणि लोखंड होते. पहिली काही वर्षे पीक नव्हते, पण भंगार होते. ते विकून, आणि त्यातून आठवणीच्या वस्तू घडवून लोक जगले. न फुटलेला गोळा सोडवताना कितीतरी जण मेलेही. गिऱ्हाईक कोण, तर मृत सैनिकांचे नातेवाईक. १९१९ मध्ये सुरू झालेल्या सेंट बार्नबस संस्थेसारख्या संस्था गरीब कुटुंबांना कमी खर्चात रणभूमीच्या यात्रेला नेत. मुलाचे थडगे पाहून परत निघालेली बाई गावातल्या दुकानातून ‘ईप्र’ असे नाव कोरलेली एक लहानशी पितळी वस्तू विकत घेई. मुलाने पाठवायला हवी होती ती वस्तू तिने स्वतःच स्वतःला आणली. हिला नकली कोण म्हणणार?

२३/
राज्यसंस्थेनेही मृतांच्या घरी एक वस्तू पाठवली. काशाची गोल थाळी, व्यास १२० मिलिमीटर, त्यावर ब्रिटानिया, सिंह आणि मृताचे नाव, हुद्दा गाळून. अशा १३ लाखांहून अधिक थाळ्या ओतल्या गेल्या. लोकांनी तिला कडवट विनोदाने ‘मेलेल्याचा पैसा’ असे नाव ठेवले. त्यांतल्या बऱ्याचशा वुलिच येथील शस्त्रागारात तयार झाल्या, जेथे युद्धभर तोफा आणि दारूगोळा बनत होता. म्हणजे दोन्हीकडे वस्तू धातूचीच. फरक एवढा की अंगठी घासणाऱ्याला ती कोणाच्या बोटात जाणार हे माहीत होते.

२४/
महाराष्ट्रातल्या गावांत याहून वेगळी वस्तू आली. साताऱ्याकडे आणि कोकणात हिंडताना जुन्या चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेली एक संगमरवरी शिला कधी कधी दिसते: या गावातून इतकी माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. बस. आकडे आहेत, नावे नाहीत. १९२७ मध्ये नव्ह शापेल येथे उभारलेल्या भारतीय स्मारकावर ४,७०० हून अधिक नावे कोरलेली आहेत. पण ती फ्रान्समध्ये. गावातल्या म्हातारीला वाचता येत असते तरी तिला ती वाचायला मिळाली नसती.

२५/
ब्रिटिश आणि फ्रेंच घरांत या भेटींचे पुढे काय झाले, याचा अभ्यास पुरातत्त्वज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ निकोलस साँडर्स यांनी केला. त्यांचे ‘ट्रेंच आर्ट’ हे पुस्तक २००३ मध्ये आले. त्यांनी लक्ष वेधले ते एका अगदी साध्या घरकामाकडे. पितळ काळे पडते. ते घासावे लागते. शेकोटीवरच्या फळीवर मधोमध नवऱ्याचे छायाचित्र आणि दोन्ही बाजूंना दोन फुलदाण्या. विधवा त्या दर आठवड्याला घासते. दहा वर्षे, वीस वर्षे, चाळीस वर्षे. ज्याचे शरीर कधी सापडलेच नाही त्याच्याशी तिचा जो काही स्पर्शाचा संबंध उरला होता, तो या फडक्यातून.

२६/
आणि घासून घासून नक्षी झिजत गेली. आधी बारीक शिरा गेल्या, मग पाकळ्यांच्या कडा, मग अक्षरे पुसट झाली. आज संग्रहालयांत अशा फुलदाण्या आहेत ज्यांवर काय लिहिले होते ते नीट लागत नाही. जिच्यावर सर्वांत अधिक माया झाली, ती वस्तू सर्वांत कमी वाचता येते. संग्राहकांच्या बाजारात मात्र तिची किंमत कमी लागते, कारण बाजाराला धारदार नक्षी हवी असते.

२७/
दुसऱ्या महायुद्धात भंगार गोळा करण्याच्या मोहिमांत यांतल्या कित्येक वस्तू पुन्हा वितळवल्या गेल्या. उरलेल्या नातवंडांच्या माळ्यांवर गेल्या. कारागिरी मात्र थांबली नाही. १९९२ नंतर वेढलेल्या सारायेव्होत, बाश्चार्शिया या जुन्या पेठेतल्या तांबटांनी शहरावर पडलेल्या गोळ्यांच्या नळकांड्यांवर नक्षी कोरली. त्या गल्लीचे नाव काझांजिलुक, म्हणजे सरळ सरळ तांबट आळीच. आजही तेथे अशा वस्तू विकायला असतात.

२८/
जाता जाता, तुमच्यापैकी इतिहासाचा नाद असलेल्यांसाठी एक उपयुक्त माहिती. जुन्या बाजारात, एखाद्या माजी सैनिकाच्या घरी किंवा जुन्या बंगल्याच्या लिलावात पितळेची अशी उंच, जड फुलदाणी दिसली, तर नक्षी पाहण्याआधी ती उलटी करा. बुडावर कारखान्याचे शिक्के असतात. फ्रेंच असेल तर ‘७५’ हा आकडा, निर्मात्याची खूण आणि साल. जर्मन असेल तर ‘कार्ल्सरूह’ किंवा ‘पोल्ट, माग्डेबुर्ग’ अशी नावे आढळतात. ब्रिटिश असेल तर पुन्हा पुन्हा भरल्याच्या खुणाही दिसू शकतात. ते साल नळकांडे बनल्याचे असते, नक्षी केल्याचे नव्हे. नक्षी त्यानंतर केव्हाही झालेली असू शकते, हे ध्यानात ठेवा. आणि बुडाच्या मधोमध ठोक्याचा खळगा नसलेली अखंड टोपी दिसली, किंवा आत काही भरलेले वाटले, तर हात न लावता पोलिसांना कळवा.

बुड कोणी घासत नाही. त्यामुळे पोटावरचे नाव पुसले गेले असले, तरी कारखान्याचा शिक्का बहुधा जसाच्या तसा वाचता येतो.